मेकफाईलमधलं ‘=’ काढून टाकू नका

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात संध्याकाळी पाच-सहा पोरं माझ्याकडे सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला येतात. प्रोग्रॅम कसा तयार करायचा ते मेकफाईलमध्ये लिहितात आणि मेक ही आज्ञावली ती वाचून काम करते. गेल्या आठवड्यात तिघांच्या मोबाईलवर एकच मेसेज फिरत होता: “मेकफाईलमध्ये = जुनाट आहे, सगळीकडे := लावा. टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट केलेलं मूल्य मेकफाईलवर नेहमी मात करतं. व्हेरिएबलचं नाव चुकलं तर मेक तिथंच थांबतं.” पोरांनी तसंच केलं आणि चालू मेकफाईल बिघडवून घेतली.

= जुनं आहे, खरं आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं, तेव्हापासून ते आहे. दोन्ही चिन्हं व्हेरिएबलला, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या नावाला, मूल्य देतात, पण त्यांचं काम वेगळं. कापूस विकताना कुणी आजच भाव पक्का करतो, कुणी माल आज टाकून भाव नंतर घेतो. := म्हणजे आजच पक्का भाव, = म्हणजे लागेल तेव्हाचा.

भाव = $(आज)
आज = ७०००

$(आज) म्हणजे ‘आज’चं मूल्य. इथं भाव वापराल तेव्हा ७००० मिळतील. पहिल्या ओळीत := लावलं तर भाव रिकामा, कारण त्या क्षणी ‘आज’ ठरलेलंच नव्हतं. पोरांचं नेमकं इथंच फसलं. त्यांच्या कंपाइल करायच्या व्हेरिएबलमध्ये $< (ज्या फाईलवरून बनवायचं ती) आणि $@ (जी फाईल बनवायची ती) होते. त्यांना मूल्य मिळतं ते नियमातल्या कमांड चालवताना; := ने फाईल वाचतानाच त्यांचा विस्तार केला, म्हणजे त्यांच्या जागी मूल्य घातलं, आणि हाती काहीच उरलं नाही. := ची जागाही मी मान्य करतो: $(shell …) ने बाहेरची कमांड चालवण्यासारखं खर्चिक काम = मध्ये ठेवलं तर ते दर वापराला पुन्हा चालतं, आमच्या जुन्या लॅपटॉपवर ते लगेच जाणवतं.

एक्स्पोर्टचं, म्हणजे टर्मिनलमध्ये आधी ठरवून मेकला पुरवलेल्या मूल्याचं, मेसेजच्या उलट आहे. मेकफाईलमध्ये = किंवा := ने दिलेलं मूल्य एक्स्पोर्टवर मात करतं. बाहेरचं मूल्य चालावं असं वाटत असेल तर ?= (आधी मूल्य नसेल तरच हे दे) लिहा, किंवा मेकच्या कमांडलाच ‘नाव=मूल्य’ जोडा; ते मेकफाईललाही हरवतं.

तिसरा दावा सर्वांत घातक. चुकलेल्या नावाचा विस्तार गुपचूप रिकामा होतो. पुसायच्या कमांडमध्ये $(जागा)/* लिहिलं आणि ‘जागा’ चुकलं, तर उरतं नुसतं /*, म्हणजे डिस्कच्या मुळापासूनचं सगळं. ग्नू मेकला (मेकची एक प्रचलित आवृत्ती) ‘वॉर्न-अनडिफाइन्ड-व्हेरिएबल्स’ हा पर्याय दिला की तो इशारा देतो. आता पोरं आधी तो लावून आणि मग मेक -n ने कमांड नुसत्या छापून पाहतात.