फुलकोबीचा फोटो खरा, खालचा मजकूर खोटा

नवरात्र संपलं की तो मेसेज हमखास येतो. यंदा मला एकाच दिवसात तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, मैत्रिणींच्या आणि सासरच्या. "१० कुंड्या लावा, हिवाळाभर बाजाराची भाजी बंद! दिवाळीनंतर काहीही लावा. उन्हाची गरज नाही. थंडीत कीड पडत नाही. अंड्याची टरफलं आणि एप्सम सॉल्ट घाला, चौघांची भाजी घरात." वर परातीएवढ्या फुलकोबीचा फोटो.

पुण्यात गच्चीवर बारा वर्षं भाजी लावतेय, म्हणून गप्प बसवलं नाही.

"दिवाळीनंतर काहीही लावा." मेथी, पालक, मुळा खुशाल लावा. मेथी चार-पाच दिवसांत उगवते, महिन्याभरात खुडायला येते. कोथिंबिरीला मात्र उगवायलाच आठ-दहा दिवस लागतात. अख्खा धणा म्हणजे जोडलेली दोन बिया, तेव्हा आधी तो हलक्या हाताने रगडून घ्यावा. फुलकोबीचं गणित वेगळं. तिचे लवकरचे वाण उबेत गड्डा धरतात, स्नोबॉलसारखे उशिराचे वाण थंडीशिवाय धरत नाहीत. बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला चार-पाच आठवडे आणि पुढे अडीच-तीन महिने. दिवाळीनंतर बी टाकलंत तर गड्डा भरायची वेळ मार्चच्या तोंडावर येते, आणि तेव्हा पुण्यात उन्हाचा चटका सुरू झालेला असतो. मी गणपती उठले की बी टाकते. आणि हो, गाजराची रोपं विकत मिळाली तरी घेऊ नका. मूळ दुखावलं की त्याला फाटे फुटतात; गाजर जागेवरच पेरायचं.

"उन्हाची गरज नाही." माझ्या मते मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. पुण्यात जूनमध्ये भर दुपारचा सूर्य माथ्याच्याही किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर, दक्षिणेकडे कललेला. म्हणजे दहा फुटांच्या भिंतीची सावली दुपारी बारा-साडेबारालाही नऊ फूट उत्तरेला पडते. पावसाळ्यापूर्वी उन्हात असलेली कुंडी डिसेंबरात दिवसभर सावलीत गेलेली असते आणि आपण खताला दोष देत बसतो. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळ्यात फार तर पुदिना तग धरेल. पालेभाजीला चारेक तास ऊन लागतंच, टोमॅटो-वांग्याला सहा तरी. कुंड्या हलवण्याआधी एका रविवारी सावली कुठून कुठे सरकते ते खडूने आखून बघा. फुकट काम आहे.

"थंडीत कीड पडत नाही." मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारे बारीक किडे, हे वाचत असेल तर हसत असेल. थंड आणि ढगाळ हवा त्याच्या आवडीची. कोबी, मोहरी, वाल कशालाही सोडत नाही. वाटाण्यावर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते ती वेगळीच. माव्याला पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी, बहुतेक वेळा पुरतो. पाणी सकाळी घाला. पानं रात्रभर ओली राहिली की बुरशीला आमंत्रण.

आता टरफलं. ती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, साध्या भाषेत चुनखडी. ज्या देशांत माती आम्ल असते तिथे असा सल्ला निघणं साहजिक. देशावरची काळी माती आधीच चुनखडीची आणि अल्कधर्मी. तिच्यात टरफलं वर्षभर तशीच पडून राहतात. मी उकरून पाहिलीत. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. बेसाल्टपासून झालेल्या मातीत मॅग्नेशियमची सहसा ददात नसते, आणि ते जास्त झालं तर झाडाला उलट कॅल्शियम घेणं अवघड जातं. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेही बहुधा कॅल्शियम कमी असल्याने नव्हे, तर चार दिवस कोरडं आणि मग एकदम बादलीभर पाणी, या धरसोडीने. कोकणातल्या जांभ्याच्या मातीला चुना मानवतो, पण तिथेही टरफलं निदान मिक्सरमधून काढून टाका. चुलीची राखही अल्कधर्मीच, तेव्हा देशावरच्या मातीच्या कुंडीत ती ओतू नका. पानांवर माव्यासाठी चिमूटभर धुरळा, आमच्या आजी वालावर तसंच करायच्या.

"१० कुंड्यांत चौघांची भाजी." एका कुंडीत एक फुलकोबी, तीही तीन महिन्यांनी. दहा कुंड्यांच्या दहा फुलकोब्या, म्हणजे चौघांच्या घरात दहा वेळची भाजी. दहाही कुंड्यांत मेथी लावलीत तर महिन्याला दोन-तीन जुड्या. हौस म्हणून उत्तम, बाजार मात्र बंद होत नाही.

आणि हे सगळं घाटावरच्या थंडीचं झालं. किनाऱ्यावर थंडीच बेताची, तिथे उशिराच्या फुलकोबीचा हट्ट कशाला? भातानंतरच्या ओलीवर येणारा वाल, चवळी, लाल माठ, मुळा यांची तिथे काय कमी आहे? रायगडात पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लागते ती वालाच्या शेंगांची, फुलकोबीची नाही.

एवढं सगळं सासरच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी पनवेलहून धाकट्या जावेचा फोन. "ताई, मी कालच फुलकोबीची बारा रोपं आणलीत. आता काय करू?"

"पानं कोवळी असतानाच खुड," म्हटलं, "पीठ पेरून भाजी कर. छान लागते."