हाताने चालते, स्क्रिप्टमधून चालत नाही

"हाताने चालवली तर क्वेरी चालते ना? मग डेटाबेस ठणठणीत आहे. घोळ तुझ्या पीएचपीत." मास्तरांनी निकाल देऊन टाकला. (क्वेरी म्हणजे डेटाबेसला केलेली मागणी, पीएचपी म्हणजे वेबसाइटचे प्रोग्राम लिहायची भाषा.)

सांगलीतल्या विश्रामबागचा आमचा कट्टा शनिवारी संध्याकाळी भरतो. मास्तर पॉलिटेक्निकला शिकवतात. ताई पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीला घरी येते. अण्णांची सगळी नोकरी डेटाबेस सांभाळण्यात गेली. बारक्या गावातल्या दवाखान्यांना, दुकानांना, पतसंस्थांना सॉफ्टवेअर करून देतो. विषय त्याचाच निघाला होता. एका पतसंस्थेचा जुना प्रोग्राम त्याने नव्या सर्व्हरवर हलवला होता आणि पान उघडलं की एकच ओळ येत होती: ‘एसक्यूएलस्टेट एचवाय०००, २००२, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मायएसक्यूएल हा त्यांचा डेटाबेस उघडून तीच क्वेरी टाकली की खातेदारांची यादी धडाधड समोर.

"कुठली फाइल नाही म्हणतोय तेच कळेना," बारक्या वैतागला होता. "पीएचपीच्या सगळ्या फाइली जागेवर आहेत. पुन्हा अपलोड केल्या, परमिशन तपासल्या."

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "हाताने चालवलीस म्हणजे नेमकी कशी? कुठल्या युजरने?"

"सुडो मायएसक्यूएल. रूटने, सगळे अधिकार असलेल्या युजरने."

"आणि प्रोग्राम रूटने जोडतो?"

"नाही, त्याचा वेगळा युजर आहे."

"मग तू प्रोग्रामची क्वेरी तपासलीच नाहीस. तुझी स्वतःची तपासलीस."

इथून वाद पेटला. मास्तरांचं म्हणणं सरळ होतं आणि ते वर्षानुवर्षं मुलांना हेच शिकवत आलेत: आधी क्वेरी वेगळी काढायची, हाताने चालवायची, चालली तर दोष प्रोग्रामचा, नाही चालली तर क्वेरीचा. ताईला हे अजिबात मान्य नव्हतं, आणि मी पूर्णपणे तिच्या बाजूचा आहे. हाताने उघडलेली जोडणी आणि स्क्रिप्टची जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युजर वेगळा, वाट वेगळी, चारसेट (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) वेगळा, ट्रान्झॅक्शनची (एकत्र कायम किंवा रद्द होणाऱ्या बदलांची) रीत वेगळी. क्वेरीची अक्षरं तेवढी सारखी.

बारक्याचंच घ्या. त्या एररमधली ‘फाइल’ म्हणजे पीएचपीची फाइल नव्हेच, ती सॉकेट फाइल, एकाच मशीनवरचे दोन प्रोग्राम जिच्यातून बोलतात ती. युनिक्सवर होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे हेच मशीन) लिहिलं की मायएसक्यूएलचा क्लायंट, म्हणजे डेटाबेसशी जोडणारा प्रोग्राम, नेटवर्कने जातच नाही, मशीनवरच्या एका सॉकेट फाइलमधून जातो. टर्मिनलचा क्लायंट त्या फाइलचा पत्ता मायएसक्यूएलच्या कॉन्फिगमधून वाचतो. पीएचपी वाचतं स्वतःच्या पीएचपी-आयएनआय या सेटिंगच्या फाइलमधून, तिथे नसेल तर बांधणीच्या वेळी ठरलेला पत्ता धरतं. एक बघतोय ‘व्हार-रन-मायएसक्यूएलडी’ फोल्डरमध्ये, दुसरा बघतोय ‘टीएमपी’मध्ये. दोघांनाही आपण ‘लोकलहोस्ट’च सांगितलेलं असतं.

"म्हणून मी लोकलहोस्ट काढून त्याच मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, १२७.०.०.१, टाकून बघितलं," बारक्या म्हणाला. "तर एरर १०४५ आला. ॲक्सेस डिनाइड, प्रवेश नाकारला."

"पूर्ण ओळ वाच."

त्याने मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पुढे केला. युजरचं नाव, ॲट, १२७.०.०.१, आणि कंसात ‘यूझिंग पासवर्ड: येस’.

ताईने तो फोटो मास्तरांसमोरच धरला. "बघा, सर्व्हरने सगळं सांगितलंय. पासवर्ड पोचला, म्हणून येस. तिथे ‘नो’ असतं तर पासवर्ड स्क्रिप्टपर्यंत आलाच नाही असं समजायचं. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या स्क्रिप्टना हे फार होतं, कारण तुमच्या लॉगिनचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (पासवर्डसारख्या गोष्टी ज्यात ठेवतात ते) क्रॉनला मिळत नाहीत. आणि इथे ॲटच्या पुढे आकडे आहेत. खातं बनवलंय ‘ॲट लोकलहोस्ट’साठी. या सर्व्हरवर स्किप-नेम-रिझॉल्व्ह, म्हणजे आकडी पत्त्याचं नाव न शोधायची सेटिंग, चालू असणार, म्हणून तो १२७.०.०.१ला लोकलहोस्ट मानत नाही. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नाव अधिक होस्ट. नाव तेच असलं तरी होस्ट बदलला की खातं दुसरं."

मास्तर म्हणाले, "हे जोडणीचं झालं. मी क्वेरीबद्दल बोलतोय. जोडणी झाल्यावर तरी हाताने चालवणंच शहाणपणाचं."

"तिथे तर जास्त फसवतं," ताई म्हणाली, आणि तिने तिच्या ऑफिसातला पायथन या भाषेतल्या स्क्रिप्टचा किस्सा सांगितला. रोज रात्री पावत्या भरणारी एक स्क्रिप्ट. एरर काही नाही, लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) ‘रो भरल्या’, म्हणजे टेबलात ओळी भरल्या, असं छापलेलं, आणि सकाळी टेबल रिकामं. लोकांनी इन्सर्ट, म्हणजे रो भरणारी क्वेरी, उचलून हाताने चालवली, रो दिसली. सगळे म्हणाले क्वेरी बरोबर आहे. क्वेरी बरोबरच होती. पण मायएसक्यूएलच्या टर्मिनलवर ऑटोकमिट (प्रत्येक बदल आपोआप कायम करणं) चालू असतं, पीएचपीतही असतं. पायथनच्या डेटाबेस मॉड्यूलांचा करार आहे, पेप २४९, त्यात ऑटोकमिट सुरुवातीला बंद ठेवायला सांगितलंय. स्क्रिप्टमध्ये कमिट (बदल कायम कर) लिहिलेलं नाही, जोडणी बंद झाली की सगळं रोलबॅक, म्हणजे रद्द.

"मग पकडलं कसं?" बारक्याने विचारलं.

"पावती क्रमांकावरून. हाताने रो भरली तर नंबर आदल्या शिल्लक पावतीच्या कितीतरी पुढचा आला. मधले नंबर गेले कुठे? इन्नोडीबी, मायएसक्यूएलचा टेबलं साठवणारा भाग, रोलबॅक करताना ऑटो-इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा) आकडा मागे घेत नाही. म्हणजे स्क्रिप्टने इन्सर्ट केल्या होत्या, नंबर खर्च झाले होते, फक्त कायम कुणी केलं नव्हतं."

अण्णांनी याचीच दुसरी बाजू काढली. सतत चालू राहणारी स्क्रिप्ट, दर मिनिटाला ‘नवीन अर्ज आले का’ विचारणारी. हाताने विचारलं तर नवीन रो दिसतात, स्क्रिप्टला मात्र सकाळपासून तेच जुनं चित्र. इन्नोडीबीची डीफॉल्ट आयसोलेशन पातळी, म्हणजे दुसऱ्यांचे बदल किती दिसू द्यायचे त्याचा नियम, रिपीटेबल रीड. ट्रान्झॅक्शनमधल्या पहिल्या वाचनाला जो फोटो निघाला, तोच शेवटपर्यंत दाखवायचा. कमिट नाही म्हणजे ट्रान्झॅक्शन संपलेलंच नाही. नुसत्या सिलेक्टनंतरही (वाचायच्या क्वेरीनंतरही) कमिट लागतं किंवा ऑटोकमिट चालू करावं लागतं, हे नवख्याला पटतच नाही. स्क्रिप्ट रिस्टार्ट केली की सगळं दिसायला लागतं, म्हणून लोक दिवसातून दोनदा रिस्टार्ट करत बसतात आणि मूळ कारण तसंच राहतं.

मास्तर आता जरा सावरून बसले. "ठीक आहे. पण मला एक सांगा, स्क्रिप्टमधूनच तपासायचं म्हटलं तर वेगळं काढायचं कसं? हजार ओळींच्या प्रोग्राममध्ये कुठे बोट ठेवणार?"

प्रश्न रास्त होता. ताईचं उत्तर मला फार आवडलं. हजार ओळी बाजूला ठेवायच्या, दहा ओळींची नवी स्क्रिप्ट लिहायची, पण ती त्याच जागेवरून चालवायची: तोच सर्व्हर, तीच कॉन्फिग फाइल, आणि वेबचा प्रोग्राम असेल तर ब्राउझरमधूनच. कारण उबुंटूसारख्या सिस्टिमवर टर्मिनलच्या पीएचपीची आयएनआय फाइल वेगळी आणि वेबच्या पीएचपीची वेगळी. रेड हॅटच्या मशीनवर तर डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा वेब सर्व्हरला तिथे जाऊ देत नाही. टर्मिनलमधून तीच पीएचपी फाइल बिनबोभाट चालते, ब्राउझरमधून ‘परमिशन डिनाइड’.

त्या दहा ओळींत डेटाबेसलाच विचारायचं: मी कोण म्हणून आलो, यूजर(). तू मला कोण समजलास, करंट_यूजर(). मशीन कुठलं, पोर्ट कुठला, डेटाबेस कुठला, चारसेट कुठला, ऑटोकमिट चालू की बंद. पहिल्या दोन उत्तरांत फरक निघाला की निम्मं कोडं सुटतं. ‘होस्टनेम’ने तर भले भले गार होतात, स्क्रिप्ट अजून जुन्याच सर्व्हरशी बोलत असते. काम झालं की ही फाइल तिथून काढून टाकायची, कुणाच्या हाती लागू द्यायची नाही.

"आणि तरी नाही कळलं तर जनरल लॉग, सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक क्वेरीची नोंद," अण्णा म्हणाले. "थोडा वेळ चालू करायचा, एकदा पान उघडायचं, लगेच बंद करायचा. लॉग फुगतो आणि लोकांची माहिती त्यात उघडी पडते, म्हणून लगेच. पण सर्व्हरच्या हातात नेमकं काय पडलं ते अक्षरशः दिसतं. कोडमध्ये काय लिहिलंय ते वाचून कुणाला काही सापडत नाही, कारण आपण आपल्या मनातलं वाचतो."

त्यांनी दिलेलं उदाहरण वहीत लिहून ठेवावं असं आहे. मोबाइल नंबरचा कॉलम व्हारचार, म्हणजे अक्षरांचा, त्यावर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची. हाताने नंबर अवतरणात टाकून शोधलं तर पटकन उत्तर. स्क्रिप्टमधून तोच शोध रखडतो. लॉगमध्ये पाहिलं तर नंबर बिनअवतरणाचा, कारण स्क्रिप्टने तो पूर्णांक म्हणून पाठवला. अक्षरांचा कॉलम आणि आकडा यांची तुलना करताना मायएसक्यूएल इंडेक्स वापरू शकत नाही, प्रत्येक रो काढून आकड्यात बदलून बघतो. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार ते सांगणारी आज्ञा) लावलं तर टाइपखाली ‘ऑल’, म्हणजे सगळं टेबल. पीडीओत, पीएचपीतून डेटाबेसशी बोलायच्या एका सोयीत, याच्या उलटही होतं. एक्झिक्यूटला ॲरे (मूल्यांची यादी) दिला की सगळी मूल्यं अक्षरं म्हणून जातात आणि लिमिटच्या (किती रो हव्यात त्याच्या) पुढचं दहा अवतरणात जाऊन एरर १०६४, सिंटॅक्स एरर.

मास्तरांनी इथे एक मुद्दा मात्र पक्का जिंकला. बारक्याच्या कोडमध्ये प्रत्येक क्वेरीभोवती ट्राय-कॅच, म्हणजे चूक झाली तर ती पकडायची सोय, होतं आणि पकडल्यावर काय करायचं ते लिहायचं कॅच रिकामं. "ग्राहकाला एरर दिसायला नको म्हणून," तो म्हणाला.

"ग्राहकाला दाखवू नकोसच," मास्तरांचा आवाज चढला. "पण लॉगमध्ये लिही! पीडीओने २०२० साली पीएचपी ८.०मध्ये आणि तशाच दुसऱ्या सोयीने, मायएसक्यूएलआयने, २०२१ साली पीएचपी ८.१मध्ये आपण होऊन एक्सेप्शन (पकडता येईल असा एरर) द्यायला सुरुवात केली. त्याआधी क्वेरी फसली की नुसतं फॉल्स मिळायचं आणि लोक रात्र-रात्र शोधत बसायचे. इतक्या वर्षांनी मिळालेली सोय, आणि ती तू रिकाम्या कंसात घालतोस?" कुणी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं नव्हतं.

बारक्याने तिथेच लॅपटॉप उघडला. वेबच्या आयएनआयमध्ये सॉकेटचा पत्ता बरोबर लिहिला, पीएचपी रिस्टार्ट केलं, पान उघडलं. यादी आली. पण नावं? ‘म’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चलनाचं चिन्ह, मग गोलातला आर. सगळे खातेदार असेच.

"जुन्या सर्व्हरवर मराठी नीट दिसत होतं," तो कळवळून म्हणाला.

ताईने हेक्स (आतले बाइट दाखवणारी आज्ञा) लावून एका नावाचं पहिलं अक्षर काढायला सांगितलं. यूटीएफ-८मध्ये ‘म’ तीन बाइटचा: ई०, ए४, एई. इथे निघाले सहा: सी३ ए० सी२ ए४ सी२ एई. म्हणजे दोनदा एन्कोड झालेलं. जुन्या सर्व्हरचा डीफॉल्ट चारसेट लॅटिन-१, म्हणजे युरोपी लिपीचा, प्रोग्रामने जोडताना चारसेट सांगितलाच नव्हता. टेबल यूटीएफ-८चं, ज्यात मराठीही बसते. स्क्रिप्ट मराठीचे बाइट पाठवायची, सर्व्हर त्यांना लॅटिन समजून पुन्हा यूटीएफ-८ करायचा, वाचताना तीच चूक उलटी होऊन पानावर मराठी सुबक दिसायचं. मायएसक्यूएल ८.०चा डीफॉल्ट यूटीएफ-८-एमबी-४. जोडणी बदलली, उलटी चूक व्हायची थांबली आणि आतलं खरं रूप बाहेर आलं.

"म्हणजे इतकी वर्षं डेटा असाच पडून होता?"

"असाच. मोठी नावं तुटायची का रे?"

बारक्या क्षणभर थांबला. "तीसचा कॉलम होता, लांब नावं अर्धवट यायची. मी शंभरचा केला."

"एकेका अक्षराची तीन-तीन होत होती, म्हणून तीसमध्ये दहाच मावायची."

यावर शेवटचा वाद झाला आणि तो मिटला नाही. मास्तर म्हणाले, जोडणीवर लॅटिन-१ टाक, आजच्या आज मराठी दिसेल, मार्चअखेरचे हिशेब होऊन जाऊ देत. ताई म्हणाली, तसं केलं तर रोज नवा डेटा त्याच घाणीत जाईल, आणि अहवाल काढणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही स्क्रिप्टला तो कधीच नीट दिसणार नाही. दुरुस्ती अवघड नाही: आधी लॅटिन-१मध्ये बदलायचं, मग बायनरी मानायचं, मग यूटीएफ-८-एमबी-४ म्हणून वाचायचं. पण एखादी रो आधीच बरोबर असेल तर याच फेऱ्यात तिची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. म्हणून आधी बॅकअप, मग दुरुस्ती कॉपीवर, आणि हेक्स पाहून फक्त बिघडलेल्या रो निवडायच्या.

मला ताईचं पटतं. ठेवीदाराचं नाव पतसंस्थेच्या टेबलात जसं आहे तसंच असलं पाहिजे, केवळ एका प्रोग्रामच्या खिडकीतून बरोबर दिसून भागत नाही. बारक्याने त्या रात्री संस्थेच्या मॅनेजरसाहेबांना फोन लावला, सोमवार संध्याकाळपर्यंत नोंदी बंद ठेवायला सांगितलं आणि डंप, म्हणजे डेटाची पूर्ण प्रत, काढायला घेतला. मास्तर घरी जाताना त्याच्याकडून रिकाम्या कॅचची यादी घेऊन गेले.