झाकण नसलेला डबा

परवा आनेवाडी टोलनाक्यावर एका अनोळखी जीपवाल्यानं मला खिडकीतून बजावलं की, ताईच्या वास्तुशांतीला अकराशेचं पाकीट शोभायचं नाही. आमच्या घरातलं देणंघेणं त्याला कसं कळलं? माझ्या गाडीनं सांगितलं.

गाडी २०१२ ची, सात सीटर. इंजिनाची तक्रार नाही. आवाजाची आहे. ब्लूटूथ नाही. ऑक्सचं, म्हणजे हेडफोनसारखी वायर खुपसायचं, भोक आहे, पण फोनला ते राहिलेलं नाही. म्हणून टाइप-सीचं शेपूट आणलं, तर त्यात डॅक, म्हणजे फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी चिप, नव्हता. फोन स्वतः अ‍ॅनालॉग आवाज सोडत नसेल तर असलं शेपूट नुसतं लोंबतं. दुकानदाराला हे ठाऊक नव्हतं. पैसे परत मिळत नाहीत, हे मात्र ठाऊक होतं. पेनड्राइव्ह फॅट३२ चाच, म्हणजे त्या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेलाच, लागतो. ६४ जीबीचा लावला की 'नो डिव्हाइस'.

राहता राहिला लायटरमध्ये खुपसायचा एफएम ट्रान्समीटर. हे यंत्र ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये रिकामी जागा बघून स्वतःचं बारकं रेडिओ केंद्र उघडतं आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. फोन आला की तोही त्याच केंद्रावरून. पल्ला काही फुटांचाच, असं खोक्यावर छापलेलं. टोलच्या रांगेत शेजारची जीपही काही फुटांवरच असते, हे कोणी छापत नाही.

पुढच्या कुणाच्या तरी फास्टॅगमध्ये पैसे नव्हते. रांग तुंबली. तेवढ्यात पुण्याला आधीच पोचलेल्या बायकोचा फोन.

"अकराशे बास. आपल्या वेळी काय दिलं होतं त्यांनी? स्टीलचा डबा. तोही बिनझाकणाचा."

मी काहीतरी पुटपुटलो. शेजारून आवाज आला, "ओ पाव्हणं! आकाशवाणी लावाय गेलो, तर तुमच्या वैनी लागल्या की!"

मी काच वर घेऊ लागलो, तर त्यानं हात आडवा घातला. "आवं थांबा. तुम्ही काय म्हणालात त्यावर? तुमचं ऐकू येत न्हाई, वैनींचंच येतंय."

आणि मी, काय सांगावं, त्याला उत्तर दिलं. "एकवीसशे म्हणालो."

"बराबर. वैनींचा राग रास्त हाय, पर डब्याचा सूड पाकिटात काढू नका."

"कोण बोलतंय?" बायको, दोन्ही गाड्यांतून.

"मी वडूजचा, वैनी!"

जीपमध्ये मागं बसलेली म्हातारी पदर सावरत पुढं झाली. "त्येला इचार, झाकण हरवलं व्हतं का मुळातच न्हवतं?"

हसू आलं असतं, पण माझ्याही मागच्या सीटवर आई होती. लेकीचा डबा असा चव्हाट्यावर आलेला तिनं गुमान ऐकून घेतला आणि शिरवळ येईपर्यंत तोंड उघडलं नाही. रांग हलली तेव्हा जीपवाला ओरडला, "एकवीसशेच!" मागच्या ट्रकचा क्लीनरसुद्धा मान डोलावत होता. त्याला काय ऐकू आलं, देव जाणे.

२०१६ मध्ये आयफोन ७ नं हेडफोनचं भोक बुजवलं आणि हळूहळू बाकीच्यांनीही. ठीक आहे, फोन दर दोन-तीन वर्षांनी बदलतात लोक. पण गाडी? आरसीवर २०२७ पर्यंतची मुदत आहे. भोकाची मुदत कुठं लिहिलेली नाही. पीयूसी काढा, विमा भरा, सगळं करतो. सर्व्हिस सेंटरमधला पोरगा म्हणतो, "सर, नवीन मॉडेल बघा ना." गाणी ऐकायला सात वर्षांचं कर्ज!

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे एकानं अँड्रॉइड स्क्रीन दाखवली. फ्रेम वेगळी, कपलर वेगळा, मजुरी वेगळी. मी विचारलं, "स्टेअरिंगवरची बटणं चालतील ना?"

"चालतील की. फक्त उलटी. आवाज वाढवायचा तर कमीचं दाबायचं. सवय होती ओ."