अलुटीक भाषा 'मेली' म्हणणारी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी

अलास्कातली अलुटीक भाषा मेली, शेवटची बोलणारी बाई २००८ मध्ये गेली, तशीही ती शेजारच्या अल्यूत भाषेचीच बोली होती, लोकांनी स्वतःहून सोडली आणि आता जे चाललंय ते टुरिस्टांसाठीचं नाटक, अशी पोस्ट सगळीकडे फिरतेय. चार दावे, चारही गंडलेले.

२००८ मध्ये वारल्या त्या मेरी स्मिथ जोन्स, आणि त्या एयाक बोलायच्या. एयाक शेजारचीच, पण वेगळी भाषा, कुळ पण वेगळं. कुणीतरी अर्धवट वाचलं आणि दिलं ढकलून. हां, लहानपणापासून अलुटीक बोलणारे आता मोजकेच उरलेत आणि बहुतेक म्हातारे आहेत हे खरंय, पण मोजके म्हणजे शून्य नाही ना राव! २०१४ मध्ये अलास्काने तिथल्या २० मूळ भाषांना अधिकृत दर्जा दिला, त्यात ही आहे.

अल्यूतची बोलीही नाही, ही युपिक नावाच्या भाषागटातली. रशियनांनी दोन्ही समाजांना सरसकट अल्यूत म्हटलं, तिथून हा घोळ.

'स्वतःहून सोडली' वाचून मात्र डोकंच फिरलं. १७८४ मध्ये शेलिखोव्ह या रशियन फर-व्यापाऱ्याच्या माणसांनी अलुटीक लोकांच्या कोडियाक बेटाजवळ एका खडकावर आसरा घेतलेल्या लोकांवर तोफा डागल्या, शेकडो मेले, मग उरलेल्या पुरुषांना फरसाठी सी ऑटरच्या (समुद्री पाणमांजराच्या) शिकारीला जुंपलं, पुढे १८६७ ला अमेरिका आली आणि शाळेत घरची भाषा बोललं की पोरांना शिक्षा. याला सोडणं म्हणायचं?

आता नाटक. १८७१-७२ मध्ये आल्फोन्स पिनार हा जेमतेम विशीतला फ्रेंच पोरगा कोडियाकहून लाकडी मुखवटे घेऊन गेला, ते फ्रान्सच्या बुलोन-स्युर-मेरमधल्या म्युझियममध्ये आहेत. अलुटीक कलाकार तिथे जाऊन ते जवळून बघून आले, कुठे कसं कोरलंय, भोवतीच्या कड्या नि पिसं कशी बसवायची सगळं, आणि २००८ मध्ये मुखवटे प्रदर्शनासाठी कोडियाकला आले. तिथलं अलुटीक म्युझियम १९९५ चं, एक्सॉन वाल्डेझ जहाजाच्या तेलगळतीच्या भरपाईतल्या पैशातून उभं राहिलेलं, चालवतात समाजाचेच लोक. १९९८ पासून ते दर आठवड्याला एक अलुटीक शब्द लोकांपर्यंत पोचवतात, वाक्यात वापरून, सोबत त्यामागची माहिती. भर हिवाळ्यातही, जेव्हा टुरिस्ट तिकडे फारसे फिरकत नाहीत.