मायची दोसुती आणि चष्मेवाला बुलडॉग

आज लातूरला भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. औसा रोडला चौथ्या मजल्यावर मोठं घर झालंय. वीस वर्षं राबून केलंय त्याने, मला त्याचा आनंद आहे, हे आधी लिहून टाकते. पण पंगतीतून उठल्यापासून जे आत धुमसतंय ते लिहिल्याशिवाय आज झोप येणार नाही.

हॉलमध्ये पाऊल टाकलं की समोर टीव्हीच्या कपाटावर एक फ्रेंच बुलडॉग. रेझिनचा, चकचकीत काळा, माझ्या गुडघ्याएवढा. डोळ्यांवर सोनेरी चष्मा आणि पुढच्या दोन पायांत ताटली, ताटलीत गाडीच्या किल्ल्या. त्याच्यामागे भिंतीवर कोट घातलेल्या पगच्या तीन फ्रेम. सोफ्यावरच्या चारही उश्यांवर लांबुळका डॅशहाउंड. कोपऱ्यात लाल फुग्याचा कुत्रा. मी मोजले, एका हॉलमध्ये नऊ कुत्रे होते.

आणि माझ्या मायची फ्रेम नव्हती.

वहिनीला विचारलं. ती बिचारी हळू आवाजात म्हणाली, "ताई, वर माळ्यावर ठेवलीय, नीट गुंडाळून. डिझायनर म्हणाला थीमला जात नाही." मी म्हटलं, कसली थीम? तर म्हणाली, "डॉग थीम."

मायच्या फ्रेममध्ये काय आहे ते माझ्या जुन्या मैत्रिणींना माहीत आहे. कुत्रा आहे. आमचा हरण्या. आण्णांचा कारवानी, आपल्याकडचा सडपातळ शिकारी कुत्रा.

ज्यांच्या आया-मावश्या शिवणक्लासला जायच्या त्यांना दोसुती काय ते सांगायला नको. जाड विणीचं कापड, धागे मोजायचे आणि फुलीवर फुली घालत जायचं. १९८४ साल असेल, मी नऊ वर्षांची होते. क्लासच्या बाईंकडे नमुन्यांचं एकच पुस्तक, त्यात मोर, बदकं, गुलाबाची परडी आणि कुत्रा म्हणून केसाळ पामेरियन. गावातल्या सगळ्या बायकांनी तो पामेरियन केला. आमच्या चाकूर तालुक्यातल्या त्या गावात तेव्हा एकाही बाईने पामेरियन पाहिलेला नव्हता. माय म्हणाली, "कामून? आपला हरण्या कामून नाही?"

पुस्तकात हरण्या नव्हता. मग तिने माझ्या गणिताच्या वहीचं चौकटीचं पान फाडून घेतलं आणि ओसरीत बसून चौकटी भरायला लागली. हरण्याला आडवा उभा धरायचं काम माझं. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसरा हात त्याच्या पोटाखाली. त्याची कंबर माझ्या दोन पंज्यांत मावायची. छाती मात्र खोल, पार कोपराच्या खाली उतरलेली. तोंड लांब, चिंचोळं. मायने बरगड्या कशा काढल्या ते अजून डोळ्यांसमोर आहे. तीन फुल्या गडद तपकिरी, एक फुली फिकी, परत तीन गडद. शेजारच्या काकू म्हणायच्या, कुत्रं उपाशी दिसतंय, जरा भरीव कर की. माय म्हणायची, "तो असाच हाय." तिने एक फुली वाढवली नाही.

ती फ्रेम जुन्या घरी दारावर चौतीस-पस्तीस वर्षं होती. ९३ च्या भूकंपात त्या भिंतीला तडा गेला, फ्रेमचा खिळा हलला नाही. आज ती माळ्यावर होती.

भाचा मला समजवायला लागला. "आत्या, हे इंटरनॅशनल आहे. डेकोरमध्ये डॉग्जची मोठी हिस्टरी आहे." लेकरा, आहे ना! पंचवीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवते, मला ती हिस्टरी माहीत आहे. म्हणून तर जीव जळतो.

पग घ्या. चीनमधून हॉलंडला गेला आणि हॉलंडचा विल्यम १६८९ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला तसा त्याच्यामागोमाग इंग्लंडमध्ये शिरला. पन्नास-साठ वर्षांत श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पगशिवाय पान हलेना. जर्मनीतल्या माइसेनच्या चिनी मातीच्या कारखान्यात केंडलर नावाचा मोठा शिल्पकार होता, त्याने १७४० च्या आसपास पगच्या एकाहून एक मूर्ती केल्या. गळ्यात घुंगरांचा पट्टा, मान वळवलेली, कुशीत पिल्लू. विल्यम होगार्थने १७४५ मध्ये स्वतःचं चित्र काढलं, त्यात पुढे बसवला त्याचा स्वतःचा पग, ट्रम्प. ते चित्र मी दरवर्षी नववीच्या वर्गाला दाखवते. ट्रम्पला नाक आहे! चांगलं पुढे आलेलं नाक आणि बऱ्यापैकी लांब पाय. म्हणजे आजचा चपट्या तोंडाचा पग माणसांनी फॅशनपायी पिढ्यान् पिढ्या दाबून दाबून केलेला आहे.

फ्रान्समध्ये तर कुत्र्याच्या घरालाही सोन्याचा मुलामा. क्लोद सेने या पॅरिसच्या कारागिराने १७७५-८० च्या सुमारास केलेलं असं एक घर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आत निळी मखमल. पैशाचा माज म्हणा हवं तर. पण मला त्यातले सगळ्यात आवडतात ते इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरचे मातीचे स्पॅनियल. व्हिक्टोरिया राणीचा डॅश हा स्पॅनियल, त्यामुळे त्या जातीला मोठा भाव आला आणि कुंभारांनी जोड्या करून स्वस्तात विकल्या. कामगारांच्या दोन खोल्यांच्या घरातही शेगडीवरच्या फळीच्या दोन टोकांना दोन कुत्रे, एकमेकांकडे तोंड करून. आपल्याकडे शोकेसमध्ये मोरांची जोडी असायची ना, तसं. त्यात मला प्रेम दिसतं.

आणि तिथेच माझं म्हणणं आहे. होगार्थने आपला कुत्रा काढला. विंडसरच्या ड्यूक-डचेसने घर पगच्या उश्यांनी भरून टाकलं, पण पग त्यांच्या पलंगावर झोपायचे, त्यांचे होते. आपल्याकडे ग्रामोफोनची कुत्राछाप तबकडी माहीत नसलेलं घर नव्हतं, तो भोंग्यात कान लावून बसलेला निपर. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने तो १८९८ मध्ये काढला. निपर आधी त्याच्या भावाचा, भाऊ गेल्यावर याच्याकडे आलेला. निपर मेल्यावर तीन वर्षांनी याने तो आठवून काढला. घरात जो वावरला तो भिंतीवर गेला, असा क्रम होता. माझ्या मायने दुसरं काय केलं? तिला होगार्थ माहीत नव्हता, चौकटीची वही माहीत होती. केलं तेच.

आमच्या हॉलमधले नऊ कुत्रे कुणाचे? त्यातल्या एकाला तरी कुणी भाकरी घातलीय का?

लुटून आणलेले कुत्रेही फॅशन झालेत, तेही सांगून टाकते. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला. त्या लुटीत पाच पेकिंगीज सापडले, एक व्हिक्टोरिया राणीला नजर केला. नाव काय ठेवलं? लूटी. आपल्याच 'लूट' शब्दावरून. पुढे त्या जातीची केवढी हवा झाली!

बरं, मायने लोकरीचा पूडलही केला होता, हे मान्य करते. रिकाम्या बाटलीवर चढवायचा, पांढऱ्या लोकरीच्या गोंड्यांचा. तुमच्याही घरी असेल. पूडल मुळात पाण्यात उडी घेऊन शिकार काढून आणणारा कुत्रा. पोहताना जड होऊ नये म्हणून अंग भादरायचे आणि सांधे गारठू नयेत म्हणून तेवढे केस ठेवायचे. त्याचे पुढे गोंडे झाले, १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पोरींच्या घागऱ्यांवर गेले आणि कुठून कुठून फिरत आमच्या गावातल्या बाटलीवर येऊन बसले. म्हणजे बाहेरचं मायनेही घेतलं. पण पूडल शोकेसमध्ये होता आणि हरण्या दारावर. दारावर कोण असावं हे तिला कळत होतं.

आता खरं सांगते, राग फ्रेमचा तर आहेच, पण त्याहून मोठं दुसरंच आहे. भाचा म्हणाला, दिवाळीपर्यंत खराखुरा फ्रेंच बुलडॉग आणणार, "सोफ्याच्या ग्रेला मॅच होणारा." माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. लातूरच्या मे महिन्यात? पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याची श्वासाची वाटच आखूड करून ठेवली त्याने कशा धापा टाकायच्या? एसी आहे म्हणे. आणि लाइट गेल्यावर? सोफ्याला मॅच व्हायला तो काय पडदा आहे? २००३ मध्ये मोबाइलच्या जाहिरातीत पोराच्या मागे धावणारा पग आला आणि घरोघरी पग झाले, तेव्हाही कुणी विचारलं नाही की हा श्वास घेताना घरघरतो का. मला बोलवत नाही याच्यावर.

ज्याचं घर त्याची हौस, ठीक आहे. आणि कारवानी फ्लॅटमध्ये ठेवू नये हेही मी म्हणेन. तो रानात सुटणारा कुत्रा, चौथ्या मजल्यावर कोंडला तर त्याचेही हालच. मी पाळा म्हणत नाही. भिंतीवर तरी असू द्या म्हणते.

कारण तो दिसायला कमी आहे का? १९२० च्या दशकात युरोपात आर्ट डेको नावाची सजावटीची शैली आली तेव्हा ब्राँझचे, काचेचे कुत्रे निघाले, त्यात ग्रेहाउंड आणि रशियन बोर्झोई फार. का? तर ती लांब मान, आत गेलेलं पोट, कमानीसारखी पाठ, एका रेघेत संपणारं अंग. अहो, हीच रेघ हरण्याची! डिझायनरने तसला ब्राँझचा ग्रेहाउंड आनंदाने मांडला असता. तीच रेघ मायने फुलीफुलीने काढली तर थीमला जात नाही. चाकूर तालुक्यातल्या जानवळला कारवानी आणि त्याचाच केसाळ भाऊ पश्मी सांभाळणारी घरं आहेत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वानांचं प्रदर्शन भरतं, आण्णा एकदा हरण्याला घेऊन गेले होते, गळ्यात मायने शिवलेला लाल पट्टा. २००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यातला मुधोळ म्हणजे आपलाच कारवानी, नाव तेवढं वेगळं. तिकिटावर चालतो, हॉलमध्ये चालत नाही.

आणि आज सकाळी पूजेला देव मांडले तेव्हा भावाच्या हातात खंडोबाचा टाक होता. आमच्या पणजीपासूनचा, झिजून गुळगुळीत झालेला. घोड्यावर देव, मागे म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. मी नीट बघितलं. कंबर बारीक आहे त्याची. शेजारी माहूरहून आणलेला दत्ताचा फोटो, पायाशी चार कुत्रे. देवघरात पाच कुत्रे आधीपासून बसलेले आहेत, त्यांना हात जोडून मग हॉलमध्ये येतो आपण.

हे लिहिता लिहिता भावाचा फोन येऊन गेला. पाहुणे गेल्यावर माळ्यावर चढला होता म्हणे. "ताई, मायची फ्रेम सापडेना, तू नेलीस का?" हो, मी आणली. निघताना वहिनीला सांगून पिशवीत घातली. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तिची काच बदलून घेऊ. देवघराच्या बाहेरच्या भिंतीवर जागा आहे." मी बरं म्हटलं. आता मघाएवढा राग नाही. त्याच्याही हातची भाकरी खाल्लीय हरण्याने.

फ्रेम माझ्यासमोर टेबलावर आहे. एका कोपऱ्यात काच तडकलीय. कापड पिवळं पडलंय, कानापाशी कसर लागून चार फुल्या गेल्यात. तपकिरी रंग मात्र पक्का निघाला, बरगड्या दिसतात अजून.

एक काम आहे. सहावी-सातवीच्या मुलींना यंदा दोसुती शिकवणार आहे आणि बाजारातल्या नमुन्यांच्या पुस्तकात अजून तोच पामेरियन आहे. चाकूर, अहमदपूर, उदगीरकडचं कुणी असेल आणि घरी कारवानी किंवा पश्मी असेल तर मला फोटो पाठवा. आडवा उभा, चारही पाय आणि शेपटी पूर्ण दिसली पाहिजे, ऊन एका बाजूने असलं तर बरगड्या चांगल्या उठतील. चौकटी मी भरून घेईन.