पायडल वेगळं पडेल

'मामा बनवणे' हा वाक्प्रचार ज्याने मराठीत आणला, त्याला दहावी पास झालेला भाचा असणार. मला आहे. निकालाच्या दिवशी तोंडात पेढा असताना मी बोलून गेलो, "सायकल घेऊन देतो तुला, आवडेल ती!" यातल्या 'सायकल'चं काही नाही. 'आवडेल ती' हे दोन शब्द मला अर्ध्या लाखाला पडले.

माझी सायकलची कल्पना साधी. घंटी, स्टँड, कॅरिअर, चेनकव्हर आणि मागे डबलसीट बसलेला मित्र. मी तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलच्या नळीखालून पाय घालून शिकलो. बूड सीटला टेकायला पुढे दोन उन्हाळे जावे लागले. त्यामुळे भाच्याने मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा मी आधी सीटच शोधली.

"ही काय," तो म्हणाला. चौकटीला चिकटून, नाक वर करून, लहान मुलाच्या चपलेएवढं काहीतरी होतं.

"यावर बसायचं कसं?"

"बसायचं नसतंच मामा. उभ्याने चालवायची. हवेत असताना सायकल अंगाखाली हलवायला जागा लागते ना."

हवेत! ताईने, म्हणजे त्याच्या आईने, हा शब्द स्वयंपाकघरातून ऐकला आणि फोडणी करपली.

त्या सायकलला डर्ट जंप हार्डटेल म्हणतात. मातीचे दोन ढीग करायचे, एकावरून उडायचं, दुसऱ्याच्या उतारावर उतरायचं. ढीग नसतील तेव्हा रस्त्यावरचे कठडे, पायऱ्या, पार्किंगचा रॅम्प. हार्डटेल म्हणजे शॉकर फक्त पुढे, मागे काही नाही. "मागे शॉकर असला की उडी मारायला लावलेला जोर तोच गिळतो," भाचा म्हणाला. मला पटलं. आमच्या ऑफिसातही हीच व्यवस्था आहे. पण मग कळलं की पुढचा शॉकरही जेमतेम १०० मिलिमीटर दबणारा, आणि त्यात हवा अशी ठासून भरायची की सहसा दबूच नये. म्हणजे घरातल्या थोरल्या काकांसारखा. आहेत, पण वाकत नाहीत.

गिअर एकच, कारण आपटल्यावर मागचा गिअर बदलणारा भाग आधी मोडतो. नसलेली गोष्ट मोडत नाही, हा युक्तिवाद मी लग्नाआधी ऐकायला हवा होता. ब्रेकही एकच, तो मागचा. पुढचाही लावला तर हँडल हवेत गरगर फिरवताना मागच्या ब्रेकची केबल त्याच्या केबलीत अडकते.

"हँडल हवेत गरगर का फिरवायचं?"

या प्रश्नावर भाच्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी माझ्या वडिलांकडे पाहत असे.

एका ब्रेकवर मी अडून बसलो. त्यावर त्याने इतिहास काढला. कॅलिफोर्नियात १९७६ साली काही पोरं जुन्या बोजड सायकली घेऊन डोंगरावरून शर्यती लावायची. त्या सायकलींनाही मागे एकच ब्रेक, पायडल उलटं मारून लागणारा. खाली पोहोचेपर्यंत चाकाच्या तुंब्यातलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि नव्याने ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. माउंटन बाइकचा जन्म तिथला. "बघ मामा, एका ब्रेकवर सगळं सुरू झालं." इतिहासात या मुलाला दहावीला एकसष्ट मार्क आहेत.

एकदा तर मी जिंकलोच असं वाटलं. तो म्हणाला, "सायकलचा मागचा भाग आखूड पाहिजे, म्हणजे मॅन्युअल सोपं जातं." मी म्हटलं, "मॅन्युअल सोपं असो की अवघड, वाचतो कोण?" मॅन्युअल म्हणजे पायडल न मारता नुसत्या मागच्या चाकावर तोल सांभाळत जाणं, हे मला दोन दिवसांनी कळलं. दोन दिवस तो ते मित्रांना सांगून हसत होता.

आम्ही दुकानात गेलो. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत, त्या काळापासून ज्या दुकानातून आमच्या घरी सायकली आल्या, तेच. मालकांनी फोटो पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला.

"याची मोडतोड झालीय का?"

"नाही, नवीन आहे."

"मग बाकीचं कुठंय?"

त्यांनी प्रेमाने दुसरी सायकल पुढे ओढली. मागे-पुढे शॉकर, दोन डिस्क ब्रेक, एकवीस गिअर, आणि कॅरिअर त्यांच्याकडून फुकट. चौकटीवर ठसठशीत 'माउंटन' लिहिलेलं. भाच्याने शांतपणे सोबतचं माहितीपत्रक उघडून बारीक अक्षरातली ओळ दाखवली. ही सायकल उड्या व कसरतींसाठी वापरू नये. मी किंमत विचारली. फोटोतल्या सायकलच्या पाव किमतीत हे सगळं मिळत होतं, आणि चौपट किमतीत यातलं काहीच मिळत नव्हतं. आमच्या मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनीही हिशेब ऐकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग धातूचा वाद. ॲल्युमिनियम हलकं, पण रस्त्यावर कठड्यांना घासणारी पोरं क्रोमोलीच्या मागे. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद. ते तुटण्याआधी बहुधा वाकतं, पोचा पडला तरी सांभाळून घेतं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून म्हणालो, "पोलादच घे." ताईने त्यावर विचारलं, "आणि हाडं कसली आहेत याची?" तेव्हा हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड यादीत आले. तेवढ्यापुरता खर्च मला गोड वाटला.

शेवटी बंगळुरूच्या एका मुलाची वापरलेली क्रोमोली सायकल मिळाली. कॉलेज संपलं, नोकरी लागली, उड्या थांबल्या. खोकं आलं. उघडलं. मी सगळं थर्माकोल चिवडलं.

"अरे, पायडल राहिलं!"

"पायडल वेगळं घ्यावं लागतं मामा. नवीन चांगल्या सायकलीबरोबरही बरेचदा देत नाहीत. ज्याची त्याची आवड."

मी खुर्चीत बसलो. खुर्ची मात्र सीटसकट आली होती.

मागचा टायर गुळगुळीत झालेला होता. एकाच ब्रेकवर घासत थांबायचं म्हणजे दुसरं काय होणार! म्हटलं, सव्वीस इंच तर आहे, गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे मिळेल. त्याने 'सव्वीस' लिहिलेला टायर दिला. तो रिमवर चढवला तर धाकट्याने थोरल्याची पँट घातल्यासारखा लोंबायला लागला. त्याचं म्हणणं सव्वीस म्हणजे सव्वीस. शेवटी टेप लावली. आपल्या साध्या सायकलचा २६ बाय १ ३/८चा टायर जिथे रिमवर बसतो, तिथला व्यास ५९० मिलिमीटर. या सायकलचा ५५९. हे ५५९ माप अमेरिकेतल्या १९३३च्या फुगीर टायरांचं. त्या डोंगरातल्या पोरांच्या हाती त्याच जुन्या सायकली लागल्या आणि माप माउंटन बाइकला चिकटलं. पुढे बाकी माउंटन बाइक साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचांवर गेल्या. सव्वीसला धरून बसले ते हे उड्या मारणारे, कारण लहान चाक भक्कम आणि हवेत वळवायला सोपं. आणि नेमका माझा भाचा.

मी एकच अट रेटली. रस्त्यावर न्यायची तर पुढचा ब्रेक हवा. नशिबाने शॉकरवर तो बसवायची सोय होती. गरगर फिरणं बंद झालं. भाचा आठवडाभर माझ्याशी 'अहो मामा' म्हणून बोलत होता.

दिवाळी आली. सोसायटीच्या मागच्या रिकाम्या जागेत भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी मुरमाचे दोन ढीग रचले, पाणी मारून फावड्याने चोपले. एक चढाचा, एक उताराचा, मध्ये खड्डा. रात्री ते वाळायला ठेवून पोरं झोपली. सकाळी माझी आई फिरायला गेली आणि डोळे भरून परत आली. म्हणाली, "इतकी वर्षं लहान पोरांनीच किल्ला केला. यंदा मोठीही मातीत उतरली." दुपारपर्यंत तिने दोन्ही ढिगांवर मोहरी पेरली होती. बिल्डिंगमधल्या चिल्ल्यापिल्ल्यांनी मावळे आणले, खड्ड्यात निळ्या कागदाचा खंदक झाला, आणि उताराच्या बरोबर मधोमध महाराज सिंहासनावर विराजमान.

"यातला राजगड कुठला रे?" आईने नातवाला विचारलं.

तो हेल्मेट घालून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी अतिशय गंभीरपणे भिंतीला टेकवलेल्या सायकलची घंटी शोधत होतो.

"आजी, उतरायचा तो," तो म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस, मोहरी पिवळी पडेपर्यंत, अर्ध्या लाखाची सायकल किल्ल्याभोवती गस्त घालत होती. आई गॅलरीतून बघायची आणि रोज मला तेच सांगायची.

"त्याला म्हणावं, महाराजांसमोर तरी सीटवर नीट बस."