जुने भाग तेवढे चांगले, असे नाही

'अ‍ॅडव्हेंचर्स इन ओडिसी' या १९८७ पासून चालत आलेल्या अमेरिकन ख्रिस्ती श्राव्यमालिकेचे केवळ जुने भागच सरस आहेत, हे लेखातील मत मला पटत नाही. मालिकेचे मध्यवर्ती पात्र असलेल्या व्हिटेकर यांच्या भूमिकेतील हॅल स्मिथ यांच्या आवाजाची ऊब अजोड होती, हे निर्विवाद. परंतु १९९४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर लेखकांनी घाईने दुसरा आवाज न आणता त्या पात्राला परदेशी पाठवले, आणि १९९६ मध्ये पॉल हर्लिंगर यांच्या आवाजात ते परतेपर्यंत व्हिटेकर यांचे तरुण सहकारी असलेल्या कॉनी व यूजीन या पात्रांना स्वतःच्या बळावर उभे राहू दिले. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो. ज्या भागांत शिकवण शेवटी उच्चारून सांगितली जाते, ते मात्र जुने असोत वा नवे, दुबळेच ठरतात.